सशाने ओळखलेला हत्ती
(रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाच्या शोधाची कथा)

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत एक परका शब्द रुळला. ‘डी-डायमर’. कोणाचा किती आला, वाढला की उतरला, याची चौकशी लोक फोनवरून करत होते. रक्तात कुठे गुठळ्या होऊन विरघळत आहेत का, याचा अंदाज देणारी ही चाचणी. बोटभर नळीतल्या रक्तात हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतल्या नेमक्या एका प्रथिनाचा एक तुकडा ही चाचणी काही मिनिटांत कसा शोधून काढते, असा प्रश्न मात्र तेव्हा फार कोणाला पडला नाही. दिवस तसले नव्हतेच.

उत्तर एका शब्दात द्यायचे तर ‘प्रतिपिंड’. शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला ओळखून चिकटणारी ही प्रथिने रोगप्रतिकारासाठी निर्माण झाली. माणसाने त्यांना प्रयोगशाळेत आणून शोधकामाला लावले. या कामाचा इतिहास मोठा आहे. मधुमेह, क्षय, गर्भधारणा अशा अनेक चाचण्यांतून तो सांगता येईल. मी त्यातली एकच वाट इथे निवडली आहे, रक्त गोठण्याशी संबंधित एका प्रथिनाची. या वाटेवर बाल्टिक समुद्रातले एक बेट आहे, अमेरिकेतले काही ससे आहेत, मुंबईच्या परळमधले एक रुग्णालय आहे, आणि अगदी आरंभी एक पाच वर्षांची मुलगी आहे.

ओलांडची मुलगी

स्वीडन आणि फिनलंड यांच्यामध्ये समुद्रात ओलांड नावाचा हजारो लहानमोठ्या बेटांचा समूह आहे. राज्य फिनलंडचे, भाषा स्वीडिश. पहिल्या महायुद्धानंतर ही बेटे कोणाची यावरून वाद झाला आणि १९२१ साली राष्ट्रसंघाने ती फिनलंडकडे ठेवली, मात्र तिथल्या लोकांच्या भाषेला आणि स्वायत्ततेला संरक्षण दिले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२४ साली, या समूहातल्या फोग्लो बेटावरून योर्डिस नावाची पाच वर्षांची मुलगी हेलसिंकीच्या डिकोनेस रुग्णालयात आणली गेली. तिचे रक्त थांबत नसे. नाकातून, हिरड्यांतून, साध्या खरचटण्यातून ते वाहत राही. तिच्या बहिणींपैकी चौघी अगदी लहानपणीच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत रक्त वाहण्याचा इतिहास होता.

तिला तपासणारे डॉक्टर होते एरिक फॉन विलेब्रांड (१८७०–१९४९). त्यांना हिमोफिलिया हा रोग ठाऊक होता. युरोपातल्या राजघराण्यांमुळे तो सर्वांनाच ठाऊक होता. पण हिमोफिलिया पुरुषांना होतो. स्त्रिया तो पुढच्या पिढीला देतात, पण स्वतः सहसा सुटतात. इथे तर मुली मरत होत्या. फॉन विलेब्रांड यांनी त्या कुळाची वंशावळ जमवली. ६६ जणांची माहिती मिळाली. त्यांतल्या २३ जणांना रक्तस्रावाचा त्रास होता, आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. योर्डिसच्या रक्तातल्या प्लेटलेट मोजल्या, त्या पुरेशा होत्या. काचनळीत घेतलेले रक्त वेळेत गोठत होते. पण त्वचेला बारीकशी टोचणी केली की तिथून होणारा स्राव थांबायला कमालीचा वेळ लागत होता. म्हणजे काचेच्या नळीत सगळे ठीक आणि अंगावर सगळे बिघडलेले.

१९२६ साली त्यांनी हे सारे एका स्वीडिश भाषेतल्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि रोगाला ‘वंशागत छद्म-हिमोफिलिया’ असे नाव दिले. दोष बहुधा प्लेटलेटमध्ये किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असावा, असा त्यांचा तर्क होता. योर्डिस तोवर हयात होती. पुढे तेराव्या वर्षी, तिच्या चौथ्या मासिक पाळीत, रक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला.

हे वाक्य कोरडेपणाने लिहिता येत नाही. मुलगी ‘मोठी झाली’ की घरात गोडधोड करण्याची रीत आपल्याकडे होती. त्याच वळणावर एखाद्या मुलीचा जीव जावा, आणि त्याचे कारण तिच्या रक्तात नसलेले एक प्रथिन असावे, हे तेव्हा जगात कोणालाही माहीत नव्हते. ते प्रथिन दिसायलाच अजून चार दशके जायची होती.

दोन रोगांचा गुंता

१९५०च्या दशकात रक्त गोठण्याची क्रिया बरीच उलगडली होती. एकामागून एक घटक सापडत होते आणि त्यांना रोमन आकडे दिले जात होते. हिमोफिलियाच्या रुग्णांत आठव्या घटकाची उणीव असते, हे कळले होते. १९५३ साली बोस्टन आणि पॅरिस इथल्या संशोधकांना एक विचित्र गोष्ट आढळली. फॉन विलेब्रांड यांनी वर्णन केलेल्या रोगातही आठवा घटक कमी भरत होता. मग हे दोन रोग वेगळे कसे? आणि आठवा घटकच कमी असेल तर एकात फक्त पुरुष का, दुसऱ्यात स्त्री-पुरुष दोघे का?

या गाठीचे पहिले टोक स्वीडनमध्ये सापडले. माल्मो इथल्या इंगा मारी निल्सन आणि स्टॉकहोमचे मार्गारेता व बिर्गर ब्लोमबेक हे दांपत्य यांनी रक्तद्रवापासून एक अंश वेगळा काढला होता. तो या रोगाच्या रुग्णाला टोचला की आठवा घटक वाढे आणि टोचणीतला रक्तस्रावही थांबे. १९५७ साली हा गट ओलांडला गेला आणि योर्डिसच्या नात्यातल्या माणसांची तपासणी करून आला. तिथला रोग आणि स्वीडनमधला रोग एकच, हे ठरले. यापुढचा प्रयोग अधिक बोलका होता. त्यांनी तोच अंश हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तातून काढला. त्यात आठव्या घटकाचे काम जवळजवळ नव्हतेच. तरीही फॉन विलेब्रांड रोगाच्या माणसाला तो दिल्यावर त्याचा रक्तस्राव आटोक्यात आला.

म्हणजे हिमोफिलियाच्या रुग्णाकडे असे काहीतरी होते, जे या दुसऱ्या रुग्णाकडे नव्हते. फॉन विलेब्रांड यांचा तर्क इथे मागे पडला. दोष प्लेटलेटचा नव्हता, रक्तद्रवात काहीतरी उणे होते. ते ‘काहीतरी’ काय, हे दाखवायला मात्र हातात साधन नव्हते. तोपर्यंतच्या सगळ्या चाचण्या कामाच्या होत्या. रक्त किती सेकंदांत गोठते, कोणाचे रक्त कोणात मिसळले की दुरुस्त होते, हे मोजायचे. काम होते की नाही एवढे त्यातून कळे. काम करणारा जागेवर आहे पण निकामी आहे, की मुळात जागेवरच नाही, हे त्यातून कळत नसे.

कार्यालयात टेबलावर फाईल पडून राहिली तर दोन शक्यता असतात. कारकून रजेवर असेल किंवा खुर्चीत बसून काही करत नसेल. फाईलकडे पाहून हे सांगता येत नाही. त्यासाठी आत जाऊन खुर्ची पाहावी लागते. प्रतिपिंडांनी हे खुर्ची पाहण्याचे काम केले.

सशाची साक्ष

प्रतिपिंड वापरून एखादी गोष्ट ओळखण्याची कल्पना तोवर जुनी झाली होती. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात आणि घटसर्पाची विषे जनावरांना टोचून त्यांच्या रक्तात उतारा तयार होतो हे दाखवले. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांना सापाचे विष थोडेथोडे टोचून त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचे औषध काढत, ते याच तत्त्वावर. घोड्याचे शरीर विषाला परके म्हणून ओळखते आणि त्याला धरून ठेवणारी प्रथिने बनवते. हेच तत्त्व शोधासाठी वापरायचे, तर विषाच्या जागी माणसाचे एखादे प्रथिन घ्यायचे आणि घोड्याच्या जागी ससा. सशाला माणसाचे प्रथिन परकेच. तो त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतो. सशाच्या कानाच्या शिरेतून रक्त काढून, ते गोठवून, वर राहिलेले रक्तजल बाजूला घ्यायचे. आता या रक्तजलात असे पहारेकरी असतात, जे हजार चेहऱ्यांतून तो एक चेहरा ओळखतात.

उरला प्रश्न मोजमापाचा. तो माल्मोमध्येच सुटला. कार्ल-बर्टिल लॉरेल या शास्त्रज्ञाने १९६६ साली एक सुबक पद्धत प्रसिद्ध केली. समुद्री शेवाळापासून मिळणारा अगारोज हा पदार्थ (आपल्या स्वयंपाकघरातल्या चायना ग्रासचा शुद्ध भाऊबंद) पाण्यात उकळून विरघळवायचा. तो कोमट झाला की त्यात सशाचे रक्तजल मिसळायचे आणि काचेच्या पट्टीवर पातळ थर ओतायचा. थर घट्ट झाल्यावर एका बाजूला ओळीने बारीक भोके पाडून प्रत्येकात एकेका माणसाच्या रक्तद्रवाचा थेंब घालायचा आणि विजेचा प्रवाह सोडायचा. प्रथिने धन टोकाकडे सरकू लागतात. वाटेत ज्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, ते त्यांच्यात अडकत जाते आणि दोघांचा मिळून साका बसतो. जितके प्रथिन जास्त, तितके ते पुढे पोचून मग संपते. शेवटी पट्टी धुऊन, वाळवून निळ्या रंगात बुडवली की ओळीने उभे राहिलेले टोकदार आकार दिसतात. दिवाळीत बाटलीत लावलेल्या बाणांसारखे. या पद्धतीला ‘रॉकेट’ हेच नाव पडले.

रॉकेटची उंची म्हणजे प्रथिनाचे प्रमाण. अनेक निरोगी माणसांचा रक्तद्रव एकत्र करून त्याला शंभर मानायचे. तोच निम्मा, पाव असा पातळ करून शेजारी लावायचा आणि त्यांच्या उंचीशी रुग्णाची उंची ताडून पाहायची. लागायचे काय, तर काच, शेवाळ, वीज, ससा आणि फूटपट्टी.

१९७१ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये थिओडोर झिमरमन, ऑस्कर रॅटनॉफ आणि पॉवेल यांनी ही पद्धत आमच्या प्रश्नाला लावली. त्यांनी माणसाच्या रक्तातून आठवा घटक शक्य तितका शुद्ध केला, तो सशांना टोचला आणि मिळालेले प्रतिपिंड अगारोजमध्ये मिसळले. मग निरोगी माणसे, हिमोफिलियाचे रुग्ण आणि फॉन विलेब्रांड रोगाचे रुग्ण यांचे रक्तद्रव ओळीने लावले.

निरोगी माणसांची रॉकेटे उंच आली. हिमोफिलियाच्या रुग्णांचीही तितकीच उंच आली! ज्या रक्तात आठव्या घटकाचे काम नावालाही नव्हते, त्यात सशाच्या प्रतिपिंडाला ते प्रथिन भरपूर सापडत होते. फॉन विलेब्रांड रोगाच्या रुग्णांत मात्र रॉकेट बुटके होते किंवा उठलेच नव्हते. काम मोजून जे दोन रोग एकसारखे दिसत होते, ते प्रतिपिंडाने एका पट्टीवर वेगळे करून दाखवले. त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये दुसऱ्या एका अमेरिकी गटाने वेगळ्या प्रतिपिंड-पद्धतीने या दोन रोगांतला फरक मांडला.

पहिला अर्थ असा लावला गेला की हिमोफिलियात आठवा घटक असतो पण निकामी असतो, म्हणजे कारकून खुर्चीत आहे. पुढे कळले की गोष्ट याहून वेगळी होती.

हत्ती आणि माहूत

रक्तात आठवा घटक एकटा फिरत नाही. तो एका प्रचंड प्रथिनाला चिकटून असतो. हे दुसरे प्रथिन एकसारख्या तुकड्यांच्या लांबच लांब साखळ्यांचे असते. सर्वांत मोठ्या साखळ्या रक्तातल्या सर्वांत अवजड रेणूंमध्ये मोडतात. वजनाने पाहिले तर हे वाहक प्रथिन आठव्या घटकाच्या पन्नासपट तरी भरते. हत्तीवर माहूत बसावा तसा हा प्रकार. क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेत ज्याला शुद्ध आठवा घटक समजले गेले, त्यात जवळजवळ सगळा हत्तीच होता. सशाने जे समोर आले ते ओळखले, हत्तीला. हिमोफिलियात माहूत नसतो, हत्ती धडधाकट असतो. फॉन विलेब्रांड रोगात हत्तीच नसतो, म्हणून माहुतालाही बसायला जागा उरत नाही आणि आठवा घटकही कमी भरतो. १९५३पासूनचा गुंता असा सुटला.

या हत्तीला आज ‘फॉन विलेब्रांड घटक’ म्हणतात. पण पुढची बरीच वर्षे त्याचे नाव ‘आठव्या घटकाशी संबंधित प्रतिजन’ असे चालले. म्हणजे प्रतिपिंडाला जे दिसते ते, पण नेमके काय हे सांगता येत नाही ते. १९८०च्या दशकाच्या मध्यावर आंतरराष्ट्रीय समितीने नावे सरळ केली. जनुके हाती आल्यावर तर शंकाच उरली नाही. आठव्या घटकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून हिमोफिलिया मुख्यतः पुरुषांना. फॉन विलेब्रांड घटकाचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर, म्हणून हा रोग मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. १९९३ साली ओलांडच्या कुळातला नेमका दोषही सापडला. जनुकाच्या लांबलचक मजकुरात एक अक्षर गळलेले होते. त्या एका अक्षरापायी फोग्लोच्या मुली गेल्या होत्या.

या प्रयोगाचा एक उपयोग लगेच झाला आणि तो हिमोफिलियाच्या घरांतल्या स्त्रियांना. रुग्णाची बहीण किंवा मावशी या दोषाची वाहक आहे का, हे आधी खात्रीने सांगता येत नसे. झिमरमन आणि रॅटनॉफ यांनी दाखवले की वाहक स्त्रीमध्ये हत्ती पूर्ण असतो आणि माहूत साधारण निम्मे. दोन्ही मोजून गुणोत्तर काढले की बहुतेक वाहक ओळखू येतात. लग्न आणि मूल यांचा निर्णय आजवर नशिबावर सोडणाऱ्या घरांना प्रथमच काही आधार मिळाला.

प्रथिनाचे घर

प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला तर ते पेशीत कुठे चिकटले हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ही युक्ती १९४०च्या दशकापासून होती. १९७३ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ती आमच्या प्रथिनावर वापरली आणि रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर उजळून निघाले. त्याच वर्षी एरिक जाफी आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या नाळेतल्या शिरेच्या अस्तराच्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्या हे प्रथिन स्वतः बनवतात हे सिद्ध केले. फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली प्लेटलेटच्या जोडीला रक्तवाहिनीच्या भिंतीचाही संशय घेतला होता. तो अगदीच वाया गेला नाही.

या पेशींत लांबट आकाराच्या बारीक पिशव्या असतात. १९६४ साली वायबेल आणि पालाडे यांनी त्यांचे वर्णन केले होते, पण त्यांत काय भरलेले आहे ते कळले नव्हते. १९८२ साली प्रतिपिंडानेच उत्तर दिले. त्यांत हे प्रथिन साठवलेले असते, भिंतीला इजा झाली की बाहेर टाकायला तयार. जखमेच्या जागी ते ताणले जाते आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेटना धरून भिंतीशी चिकटवते. काचनळीत रक्त वाहत नाही आणि भिंतही नसते. म्हणून योर्डिसचे रक्त नळीत वेळेवर गोठत होते.

साठा आहे म्हटल्यावर तो बाहेर काढण्याचा मार्गही सापडला. डेस्मोप्रेसिन हे मूत्राचे प्रमाण आवरण्यासाठी वापरले जाणारे औषध दिले की रक्तातले हे प्रथिन वाढते. १९७७ साली मिलानमधल्या मानुच्ची यांच्या गटाने ते सौम्य हिमोफिलिया आणि फॉन विलेब्रांड रोगाच्या रुग्णांत शस्त्रक्रियेच्या वेळी वापरून दाखवले. दुसऱ्याच्या रक्ताशिवाय उपचार होऊ शकतो, हे रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या पुढच्या दशकात फार मोलाचे ठरले.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाईन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची पद्धत शोधली. सशाच्या रक्तजलात अनेक प्रतिपिंडांची मिसळ असते आणि ससा मेला की ती संपते. आता एका पेशीची संतती काचपात्रात अखंड तेच प्रतिपिंड बनवू लागली. कॅलिफोर्नियात गेलेल्या झिमरमन यांनी या साधनाने आपलाच जुना गोंधळ उलटा वापरला. हत्तीला धरणारी प्रतिपिंडे त्यांनी बारीक मण्यांवर बसवली. मणी भरलेल्या नळीतून रक्तद्रव सोडला की हत्ती माहुतासकट अडकतो, मग कॅल्शियमच्या खारट द्रावणाने फक्त माहूत उतरवून घ्यायचा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस याच तत्त्वावर बनलेले शुद्ध आठव्या घटकाचे औषध हिमोफिलियाच्या रुग्णांपर्यंत पोचले. डी-डायमर ओळखणारे प्रतिपिंडही याच नव्या पद्धतीचे. ते १९८३च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये घडले.

परळचा धागा

आता मुंबई. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसह एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. परळच्या सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाच्या परिसरातले हे काम. ज्यांना कोणत्याही गटाचे रक्त जुळत नाही, ‘ओ’सुद्धा नाही, अशी माणसे त्यांना सापडली होती. यांच्या रक्तजलातली प्रतिपिंडे ‘ओ’ गटाच्या पेशींचाही गोळा करत होती. ए आणि बी या खुणा ज्या मूळ साखरेवर चढतात, ती ‘एच’ नावाची साखरच या माणसांत नव्हती. हाच तो जगभर ‘बॉम्बे’ नावाने ओळखला जाणारा रक्तगट. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे नाही. इथेही शोध प्रतिपिंडानेच लावला होता, फक्त या वेळी ते सशाचे नव्हते, माणसाचे होते.

या शोधाचा आमच्या हत्तीशी संबंध काय? १९८७ साली अमेरिकेत गिल आणि सहकाऱ्यांनी १,११७ रक्तदात्यांचे फॉन विलेब्रांड प्रथिन मोजले, तेच रॉकेट वापरून. निरोगी माणसांची सरासरी शंभर धरली तर ‘ओ’ गटाच्या लोकांत ती सुमारे ७५ भरली, ‘ए’मध्ये १०६, ‘बी’मध्ये ११७ आणि ‘एबी’मध्ये १२३. रक्तगट ठरवणाऱ्या साखरा तांबड्या पेशींपुरत्या नसतात, त्या या प्रथिनावरही चढलेल्या असतात. साखर कमी असेल तर प्रथिन लवकर तुटते आणि लवकर नाहीसे होते. मग ज्यांच्याकडे मूळची एच साखरही नाही, त्यांचे काय? २००५ साली लंडनच्या संशोधकांनी ‘बॉम्बे’ गटाच्या माणसांत हे प्रथिन कमी असल्याचे आणि त्याचे तुकडे करणारे विकर त्यांच्यात ते ‘ओ’ गटापेक्षाही झपाट्याने तोडत असल्याचे दाखवले. अर्धशतकापूर्वी परळमध्ये लागलेल्या शोधाचे हे टोक अशा ठिकाणी निघाले.

भाटिया पुढे परळमध्येच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या रक्तगट संदर्भ केंद्राचे प्रमुख झाले. त्या केंद्राची आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था झाली आहे. फॉन विलेब्रांड रोगावरचे पश्चिम भारतातले महत्त्वाचे काम याच संस्थेतून झाले.

आहे आणि करते

प्रतिपिंड आहे किंवा नाही एवढे सांगते. ते काम करते की नाही, हे सांगत नाही. हा धडा या क्षेत्राला लवकर मिळाला. रिस्टोसेटिन नावाचे एक प्रतिजैविक प्लेटलेट कमी करते म्हणून बाजारातून काढले गेले होते. १९७१ सालीच ऑस्ट्रेलियातल्या हॉवर्ड आणि फर्किन यांनी दाखवले की ते निरोगी रक्तात घातले की प्लेटलेटचा गोळा होतो आणि फॉन विलेब्रांड रोगात होत नाही. फेकून दिलेले औषध अशी चाचणी झाले. मग असे रुग्ण दिसू लागले ज्यांचे रॉकेट उंच, पण गोळा होत नाही. प्रथिन आहे, पण साखळ्या तोकड्या किंवा वाकड्या. म्हणून आज दोन्ही मोजतात, प्रमाण आणि काम, आणि दोहोंची तुलना करून रोगाचा प्रकार ठरवतात. काच आणि शेवाळाची जागा आता एलिसाच्या खाचा असलेल्या प्लेटने आणि आपोआप चालणाऱ्या यंत्रांनी घेतली आहे. तत्त्व तेच.

आणखी एक अडचण आहे. हे प्रथिन स्थिर नसते. ताप, व्यायाम, मनावरचा ताण, गरोदरपण, सगळ्यांत ते वाढते. सौम्य रोग असलेल्या स्त्रीची तपासणी नेमकी अशा वेळी झाली तर अहवाल निर्दोष येतो. म्हणून जाणकार एका चाचणीवर थांबत नाहीत. रक्तगटही पाहतात आणि घरातल्या बायकांना काय त्रास होता तेही विचारतात.

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. १९८७ साली इटलीत १,२१८ शाळकरी मुलांची तपासणी झाली तेव्हा शंभरात जवळपास एकाला हा दोष निघाला. बहुतेकांत सौम्य, पण वंशागत रक्तस्रावांत सर्वांत जास्त आढळणारा. आपल्याकडच्या नोंदी पाहिल्या तर उलटे चित्र दिसते. हिमोफिलियाचे रुग्ण पुष्कळ, या रोगाचे थोडे, आणि जे आहेत त्यांत तीव्र प्रकारच जास्त. जवळच्या नात्यात होणारी लग्ने हे याचे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण साधे आहे. सौम्य रुग्ण तपासणीपर्यंत येतच नाहीत. हिमोफिलियाचा मुलगा रांगायला लागला की सांधे सुजतात, घर हादरते, डॉक्टर गाठला जातो. मुलीला पाळीत दहा-दहा दिवस अंगावरून जात असेल तर आई सांगते, ‘मलाही असंच व्हायचं.’ आजीही तेच सांगते. वैद्यकाच्या भाषेत हा कौटुंबिक इतिहास आहे, निदानाचा सर्वांत बळकट पुरावा. घराच्या भाषेत ते सांत्वन ठरते आणि तिथेच विषय संपतो. मग वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि कधी बाळंतपणात, कधी दात काढताना, ते प्रथिन नसल्याचे कळते. काही वेळा गर्भाशयही काढले जाते, रक्त तपासण्याआधी.

प्रतिपिंडे आज शोधकाम सोडून पुढे गेली आहेत. उंटाच्या कुळातल्या लामा या प्राण्याच्या प्रतिपिंडाचा एक तुकडा फॉन विलेब्रांड प्रथिनाला आवरण्याचे औषध म्हणून वापरला जातो. दोन हातांनी दोन घटकांना एकत्र धरणारे एक कृत्रिम प्रतिपिंड हिमोफिलियात गैरहजर माहुताचे काम करते. ही औषधे महाग आहेत आणि त्यांची चर्चा होत राहील. पण १९७१ साली सशाने दिलेली साक्ष घ्यायला फार खर्च नाही. मोठ्या शहरातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत ही तपासणी होते, जिल्ह्याच्या गावातून नमुना पाठवता येतो. ती करायला सांगणारे कोणीतरी लागते, आणि त्याआधी एखाद्या मुलीला ‘किती दिवस जातं ग?’ असे विचारून तिचे उत्तर ऐकून घेणारे कोणीतरी. हेलसिंकीच्या त्या डॉक्टरकडे प्रतिपिंड नव्हते, रॉकेट नव्हते, जनुकाचा मजकूर नव्हता. त्याने एका कुळातल्या ६६ जणांची चौकशी केली आणि त्यांत बायकांचीही केली. इतिहास तिथून सुरू झाला.